अमोलिक बाईंचा नकाशा

शनिवारी सकाळी सात वाजता शाळेच्या बसच्या पायरीवर अमोलिक बाई हातात प्लास्टिकची बरणी घेऊन उभ्या असत. बरणी लोणच्याची होती. कितीही धुतली तरी झाकण उघडलं की कैरीचा आणि मोहरीचा वास यायचाच. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाने मनगटावरचं घड्याळ काढून त्या बरणीत टाकायचं, ते परत मिळायचं थेट दुपारी, शाळेच्या फाटकात. आमच्या वर्गातल्या एकाला त्याच्या काकांनी दुबईहून कॅल्क्युलेटर असलेलं घड्याळ पाठवलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, ये तो इम्पोर्टेड है." बाई म्हणाल्या, "अच्छा? फिर तो अचार में और अच्छा लगेगा," आणि बरणी त्याच्या नाकाखाली धरली.

माझा नंबर आला तेव्हा त्यांनी आवाज खाली करून मराठीत सांगितलं, "घड्याळ असलं की माणूस काम करत नाही बाळा, काम संपायची वाट बघतो." मी नववीत होते. बाळा म्हणवून घ्यायचं माझं वय उलटून गेलं आहे असं माझं ठाम मत होतं, पण बाईंसमोर मतं मांडायची सोय नव्हती.

नव्वदीची सुरुवात होती. आमचे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर. घरात मराठी, जिन्यात हिंदी, शाळेत इंग्रजी, अशी आमची तीन मजली भाषा. शाळेत 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' नावाचा एक विषय होता. नाव जितकं लांब तितकं काम थोडं. बाकीच्या तुकड्या त्या तासाला मेणबत्त्या ओतायच्या, फायलींना कव्हरं घालायच्या, आणि वर्षाअखेरी सगळ्यांना 'ए' मिळायचा. जीवशास्त्राच्या अमोलिक बाईंना हे पटत नसे. "मेणबत्ती कुणाला हवी आहे? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे तुमच्याकडे," असं त्या मुख्याध्यापकांना तोंडावर म्हणाल्या होत्या म्हणे. त्यांनी गुडगावच्या पलीकडच्या एका गावात, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून दोन एकर जमीन मुलांना कसायला मागून घेतली. कागद नाही, करार नाही. दर शनिवारी नववीची बावीस मुलं तिथे राबायची आणि निघालेली भाजी परतीच्या वाटेवरच्या अंध मुलांच्या वसतिगृहात द्यायची, असा तो कार्यक्रम.

बाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. वडील तिकडच्या एका मिशनच्या शाळेत मास्तर. ठेंगण्या, सावळ्या, गळ्यात बारीक साखळीत चांदीचा क्रूस, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. बसमधून उतरल्या की नायलॉनच्या साडीचा ओचा कमरेला घट्ट खोचायच्या आणि मग त्यांचा आवाजही बदलायचा. वर्गात त्या पेशीचं केंद्रक शिकवताना जपून बोलत. शेतात आल्या की थेट नगरी. "पाहुण्यासारखे आलात ना, तर पाहुण्यासारखे परत पाठवीन. सुनेसारखं या. पदर खोचा आणि लागा!" हे त्या हिंदीत सांगायचा प्रयत्न करत, मग सोडून देत. पंजाबी, बंगाली, मल्याळी मुलांना अर्थ न सांगता कळायचा.

माझ्या आईला हे सगळं अजिबात मान्य नव्हतं. "आमच्या तीन पिढ्या शेतातून बाहेर पडायला झटल्या आणि ही बाई पोरांना परत चिखलात घालते," असं तिचं म्हणणं. पण बाई सरोजिनी नगरच्या बाजूला एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकट्या राहायच्या आणि अधूनमधून आमच्याकडे यायच्या. आईच्या हातचं थालीपीठ खाऊन त्या गप्प बसायच्या, आणि त्या गप्प बसण्यावर आई खूश असायची. त्यामुळे विरोध तोंडदेखला राहिला.

पहिल्याच शनिवारी मी मेथीचा अख्खा वाफा उपटला. मला खुरपं देऊन 'तण काढ' म्हणून सांगितलं होतं. मला तण शब्दच माहीत नव्हता, पण विचारायची लाज वाटली. मी जे लहान आणि बिचारं दिसलं ते काढलं, जे तरारून उभं होतं ते ठेवलं. बाई आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "उपटलीस ती भाजी, ठेवलंस ते गवत. वाः! तुझं सरकारी नोकरीत चांगलं होईल." मी रडायच्या बेतात. तेवढ्यात ज्यांची जमीन होती ते ताऊ आले. त्यांचं नाव हरफूलसिंह, पण अख्खं गाव त्यांना ताऊच, म्हणजे थोरले काका, म्हणायचं. त्यांनी उरलेलं गवत हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "बहनजी, बालक नै डाँटो मत. यो तो बथुआ सै. इसका रायता बणैगा." आणि खरंच ते माझं तण, चाकवतासारखी भाजीच ती, ओंजळीत भरून घरी घेऊन गेले.

वाफा, आळं, तण, खुरपणी, रोपांची विरळणी हे माझे मराठी शब्द हरियाणातल्या त्या शेतातले आहेत. पुण्याच्या माझ्या चुलत बहिणींना यांतले निम्मेही येत नाहीत, याचा मला पुढे बराच तोरा होता.

ताऊ सत्तरीच्या घरातले, उंच, पाठीत किंचित वाकलेले. बायको वारलेली, मुलगा फौजेत. बाई दिसल्या की ते हुक्का खाटेखाली सरकवायचे. बाईंना धूर दिसायचा, पण त्या खाटेकडे बघायच्या नाहीत. दहाच्या सुमाराला ते मातीच्या मडक्यातून ताक आणायचे आणि आम्ही बावीस जण संपेपर्यंत स्वतः घ्यायचे नाहीत. दोघांचं बोलणं म्हणजे गंमत होती. बाई हिंदीत सुरुवात करून मराठीत जायच्या, ताऊ त्यांच्या बोलीत उत्तर द्यायचे, आणि गाजरं कधी पेरायची यावर त्यांचं रीतसर भांडण व्हायचं. त्या दोघांइतकं एकमेकांना समजून घेणारं माणसांचं जोडपं मी पुढे फारसं पाहिलं नाही, आणि तरी त्यांनी कधी एकमेकांच्या घरचं काही विचारलेलं मला आठवत नाही.

बाईंचं एक सांगणं होतं. "मागितल्याशिवाय मदत करू नये. ती मिजास होते. आणि मागितली तर मागेपुढे बघू नये." गावातल्या बायकांना फौजेतल्या मुलांना पत्रं लिहून हवी असायची, ती आम्ही लिहायचो, कारण त्या मागायच्या. कुणाच्या गोठ्यात घाण दिसली तरी झाडू उचलायचा नाही, कारण कुणी सांगितलेलं नसायचं. एकदा एका मुलीने उत्साहाने गावातल्या लहान मुलांची नखं कापायला घेतली, तर बाईंनी तिला सगळ्यांसमोर झापलं. "तुझी नखं कुणी कापायला आलं होतं का?"

हा नियम बाईंनी स्वतः एकदाच मोडला.

त्या वर्षी गावात बांधांवरून भांडणं फार होती. दोन सख्ख्या भावांत वीतभर जमिनीवरून काठ्या निघाल्या. पटवाऱ्याकडे, म्हणजे तिकडच्या तलाठ्याकडे, गावाचा नकाशा होता, पण त्यात फक्त आकडे. कागदावर जमीन चार चुलत भावांची सामाईक, प्रत्यक्षात नांगरतो एकच, दुसरा दिल्लीत टॅक्सी चालवतो, तिसऱ्याचा पत्ता नाही, असला सगळा मामला. बाईंच्या मनाने घेतलं की मुलांनी गावाचा खरा नकाशा काढावा. कोण काय कसतं, कुणाच्या विहिरीचं पाणी गोडं, कुणाचं खारं, पायवाटा कुठून जातात, सगळं मोजून. "एकदा कागदावर आलं की भांडायला काय उरतं?" त्या म्हणाल्या. गावातल्या कुणीही हे मागितलेलं नव्हतं.

ते पाच महिने मी जन्मात विसरणार नाही. साखळी घेऊन आम्ही शेतं मोजली. बाई प्रत्येक बाजू तीनदा मोजायला लावायच्या. दोन मापं जुळली आणि तिसरं चुकलं तर पुन्हा तीनदा. "चुकीचं माप म्हणजे कुणाच्या तरी ताटातली भाकरी," असं म्हणायच्या. आम्ही घरोघरी जाऊन विचारायचो. लोक ओसरीवर खाट टाकून द्यायचे, गूळ द्यायचे आणि सगळं सांगायचे. शाळेची पोरं विचारताहेत, तेव्हा लपवायचं काय? कुठला भाऊ गावात नाही, कुणाला शेतात राम वाटत नाही, कुणाचा मुलगा शहरात दुकान टाकायचं म्हणतो, हे सगळं आमच्या वह्यांत आलं. पटवाऱ्याच्या नकाशात आकडे होते, आमच्या नकाशात माणसं होती.

माझं अक्षर चांगलं, म्हणून अंतिम नकाशा माझ्याकडे आला. एक गोष्ट तेवढी अडली होती. सडकेपासून ताऊंच्या जमिनीपर्यंत एक गाडीवाट होती. वाटेत सात जणांची शेतं. आमची बसही तिच्या तोंडाशी थांबायची आणि आम्ही तिथून चालत यायचो. ही वाट गावाची की कुणाची, हे पटवाऱ्याच्या नकाशात नव्हतं. मी ताऊंना विचारलं. ते खाटेवर बसले होते. त्यांनी छाती पुढे काढली. "बेटी, यो सरकारी रास्ता कोनी. यो भाईचारे का रास्ता सै. म्हारे दादा नै कदे किसी तै लिखवाया कोनी." वाट सरकारी नाही, आपसांतली आहे, कुणाकडून कधी लिहून घ्यावं लागलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. बाईंना ते इतकं आवडलं की त्या म्हणाल्या, "अगदी असंच लिही." मी तुटक रेघ काढली आणि तिच्या कडेने देवनागरीत, वळणदार, लिहिलं: 'भाईचारे का रास्ता'. नकाशा गावच्या चौपालीत, म्हणजे पंचांच्या बैठकीच्या ओट्यावर, फ्रेम करून लावला गेला. खाली कोपऱ्यात शाळेचं नाव आणि 'अक्षर : सुजाता'.

नकाशा लागल्यावर काही शनिवारांनी पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ आले. नवी कोरी गाडी, बोलणं अतिशय गोड. त्यांनी नकाशापुढे उभं राहून बराच वेळ बघितलं. मग आम्ही गाजरं काढत होतो तिथपर्यंत, बुटांना माती लागू देत, चालत आले. बाईंना नमस्कार करून म्हणाले, "मॅडम, कमाल है. इतना काम तो सरकार ने नहीं किया. हम लोग इधर कुछ डेव्हलपमेंट का सोच रहे हैं. गाँव को समझना है. एक कॉपी मिल जाए तो बड़ी मेहरबानी."

तोवर आमच्या कामाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मुख्याध्यापक एकदाच शेतावर आले होते आणि बूट खराब होतील म्हणून बसमधून उतरले नव्हते. बाईंचा चेहरा असा फुलला की मला आजही तो आठवला की वाईट वाटतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सुजाता, होईल ना गं तुझ्याच्याने?"

मी दोन रविवार खपून ट्रेसिंग पेपरवर नक्कल काढली. आमच्या घरातलं जेवणाचं टेबल अडलं म्हणून आईने सगळ्यांना जमिनीवर वाढलं. विहिरी निळ्या शाईने, वाटा लाल, नावं काळ्या. ते गृहस्थ शाळेत येऊन नक्कल घेऊन गेले आणि मला परदेशी पेनांचा एक सेट देऊन गेले. दहावीची बोर्डाची परीक्षा मी त्याच पेनांनी दिली.

पुढचं सगळं इतकं सावकाश झालं की घडतंय हे कळलंच नाही. पहिल्यांदा सडकेकडच्या एका शेताला तारेचं कुंपण पडलं. त्याचा मालक दिल्लीत टॅक्सी चालवणारा. मग पलीकडचं. ते दुकान टाकायचं म्हणणाऱ्याचं. विकत घेणारे गावभर हिंडले नाहीत, कुणाशी घासाघीस केली नाही. जो विकणार होता त्याच्याच दारात गेले, आणि तेही बरोबर क्रमाने. आमची पुढची तुकडी शेतावर जात होती. मी अकरावीत गेले तरी बाईंच्या मदतीला म्हणून शनिवारी जायचे. एक दिवस कुंपणापाशी उभं राहून बाईंनी बोटांवर शेतं मोजली, आणि म्हणाल्या, "ही यादी आपली आहे." मी म्हणाले, "कसली यादी?" त्या म्हणाल्या, "आपल्या वह्यांतली." त्या दिवशी त्यांनी कुणाला एका शब्दानेही टोकलं नाही. मुलांनी निम्मा पालक मुळासकट उपटला तरी.

सातांपैकी पाच शेतं गेली आणि वाट बंद झाली. विटांची भिंत आली, माणसापेक्षा उंच. ताऊंच्या जमिनीभोवती तिन्ही बाजूंनी भिंत आणि मागे ओढ्याची खोल घळ. विकणार नाही असं ताऊंनी चारदा सांगितलं होतं. भिंतीने पाचव्यांदा विचारलं. त्या हिवाळ्यात आमची मुलं घळीतून चढून शेतावर जायची आणि भाजीच्या टोपल्या भिंतीवरून हातोहात पलीकडे द्यायची. एका मुलाचा पाय मोडला. पालकांनी शाळेत गोंधळ घातला, मुख्याध्यापकांनी कार्यक्रम बंद केला, आणि त्यांना मनापासून हायसं वाटलं असणार. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बाई स्वतः सांगायला गेल्या की पुढच्या शनिवारपासून भाजी येणार नाही.

ताऊंनी तहसिलीत अर्ज केला. आजोबांपासूनची वहिवाटीची वाट आहे, ती गावाची आहे, बंद करता येणार नाही. गावातल्या चार म्हाताऱ्यांनी अंगठे दिले. त्यांचा वकील तरुण होता पण हुशार. तो म्हणाला, जुनी वहिवाट आहे, वाट खाजगी असल्याचा समोरच्यांकडे एक कागद नाही, आपण जिंकू. मग समोरच्यांनी कागद काढला. आमचा नकाशा.

मी बारावीत होते. अक्षर माझं, कदाचित विचारतील, म्हणून बाईंनी मला सोबत नेलं. तहसिलीच्या आवारात, चहाच्या टपरीमागे, वकिलाने बाईंना बाजूला घेतलं. मी शेजारीच होते. "मॅडम, बस इतना बोल दीजिए कि बच्चों ने अपने मन से लिखा था. बच्चों का काम है, कौन पूछता है. एक लाइन. ताऊ की ज़मीन बच जाएगी." बाईंनी पदराने चष्मा पुसला. पलीकडे ताऊ धुतलेलं धोतर आणि पांढरं पागोटं घालून बाकावर बसले होते. त्यांनी आम्हाला बघून हात जोडले.

तहसीलदार सभ्य माणूस होता. त्याने बाईंना खुर्ची दिली. नकाशाची माझी नक्कल टेबलावर पसरलेली, निळ्या विहिरी, लाल वाटा.

"बहनजी, ये आपके बच्चों ने बनाया?"

"जी."

"नाप-जोख ठीक से हुई थी?"

"तीन-तीन बार."

"और ये जो लिखा है, भाईचारे का रास्ता. मतलब सरकारी नहीं, आपस की रज़ामंदी का. ये बच्चों ने अपने मन से लिखा, या किसी ने बताया?"

पंख्याखाली नकाशाचे कोपरे फडफडत होते आणि कारकुनाने त्यावर पेपरवेट ठेवला. मी मनातल्या मनात ओरडत होते, एक वाक्य बाई, एकच. मला विचारलं असतं तर मी सहज बोलून गेले असते. मला कुणी विचारलं नाही.

"हरफूलसिंहजी ने बताया था," बाई म्हणाल्या.

तहसीलदाराने ताऊंकडे बघितलं. "क्यों ताऊ?"

ताऊ उभे राहिले. म्हणाले, "बताया था जी."

संपलं. रजामंदीची वाट, ज्यांची रजामंदी होती ती माणसं गेली, वाटही गेली. बाहेर आल्यावर ताऊ आमच्यासाठी थांबले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी राम-राम केल्याशिवाय आम्हाला कधी निरोप दिला नव्हता. ते पागोटं हातात घेऊन बस-अड्ड्याकडे चालत गेले आणि बाई, हाक मारण्याइतक्या अंतरावर, हाक न मारता उभ्या राहिल्या.

परतीच्या बसमध्ये महरौली आली तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याकडून एकेक बाजू तीनदा मोजून घेतली ती कशासाठी घेतली गं? वेळ आल्यावर मीच म्हणायचं की मुलांनी मनाने लिहिलं?" मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांना माझं उत्तर हवं होतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं. मी मान हलवली. त्या मानेचा अर्थ त्यांनी 'तुम्ही बरोबर केलंत' असा घेतला.

ताऊंनी त्याच हिवाळ्यात जमीन दिली आणि ते अंबाल्याला मुलाच्या फौजी क्वार्टरमध्ये राहायला गेले. दीड-दोन वर्षांत तिथेच वारले. गावातल्या कुणीतरी बाईंना कळवलं, तोवर तेरावंही होऊन गेलं होतं.

बाईंनी त्यानंतर बारा-तेरा वर्षं शिकवलं. 'समाजोपयोगी कार्या'च्या तासाला त्यांनी मुलांना मेणबत्त्या ओतायला शिकवलं. मी एकदा शाळेत भेटायला गेले तर साचे मांडून बसल्या होत्या. मी म्हणाले, "बाई, मेणबत्त्या?" त्या म्हणाल्या, "चांगल्या असतात. कुणाचं काही बिघडत नाही." शनिवारी त्या काही दिवस एकट्याच बसने त्या गावाकडे जायच्या असं आईने सांगितलं. कशाला, ते आईने विचारलं नाही. मग तेही थांबलं, कारण त्या बसचा थांबा उठला.

मी पुढे शिकले, दोन वर्षं पुण्यात राहिले, लग्न झालं, आणि नोकरी लागली ती गुरुग्रामला, म्हणजे तेव्हाच्या गुडगावलाच. गेली कित्येक वर्षं मी तिथेच एका सोसायटीत विसाव्या मजल्यावर राहते. ते गाव कुठल्या टॉवरांखाली आहे, हे मला नक्की सांगता येत नाही. मी दोनदा गाडी घेऊन शोधलं. घळ भरून टाकलेली, सडका वेगळ्याच दिशेने गेलेल्या. ज्यांना हे सांगता यायला हवं होतं अशा जगातल्या बावीस माणसांपैकी मी एक, आणि नकाशा माझ्याच हातचा. सोसायटीच्या शाळेतली मुलं उन्हाळ्यात एका रिसॉर्टवर 'फार्म डे' करायला जातात. माझी मुलगीही जाऊन आली. तिने ट्रॅक्टरवर बसून काढलेला फोटो मला दाखवला, मी 'छान' म्हणाले.

बाई निवृत्त झाल्यावर नोएडाला भाचीकडे राहत. मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी फार क्वचित जायचे. कामाचं कारण होतं, अंतराचं कारण होतं, आणि खरं सांगायचं तर तिथे गेल्यावर काय बोलायचं हे मला कळत नसे. शेवटची गेले ती मार्चमधल्या एका दुपारी. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. हात काळेनिळे, सुयांनी भोकं पडलेले. थोडा वेळ माझ्या मुलीची चौकशी केली. माझ्या आईच्या थालीपिठाची आठवण काढली. मग मधेच, जणू आम्ही तेच बोलत होतो अशा स्वरात, म्हणाल्या, "खोटं बोलायला हवं होतं मी त्या दिवशी."

कुठल्या दिवशी, हे विचारायची गरज नव्हती.

"नाही बाई," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर केलंत."

"तुला खरंच वाटतं तसं?"

"हो."

त्यांनी माझा हात धरला. पकड अजून शेतातली होती. "सुजाता, मी आता फार दिवस नाही. भाची गोड बोलते, डॉक्टर गोड बोलतात, चर्चचे लोक येऊन गोड बोलून जातात. एक माणूस मोठ्या विश्वासाने बाकावर बसला होता आणि मी त्याचं घर मोडून आले. तेव्हापासून रोज स्वतःशी म्हणते की दुसरं काय करणार होते मी. तू तिथे होतीस. तू सांग."

मी बाईंचा हात बघत राहिले. चोवीस-पंचवीस वर्षं मी हे मनात घेऊन फिरत होते. बाईंना ते माहीत नसावं असंच मला वाटायचं. त्यांना हवी होती ती सुटका होती, आणि ती द्यायला मला एक शब्द पुरला असता.

"हो बाई," मी म्हणाले. "खोटं बोलायला हवं होतं. मला तेव्हाही तसंच वाटलं होतं."

त्यांनी माझा हात सोडला. रागावल्या नाहीत. "मग बसमध्ये मान का हलवलीस?" एवढंच म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे केलं. भाची चहा घेऊन आली. आम्ही दोघींनी चहा घेतला. बाईंचा कप तसाच राहिला.

त्यानंतर नऊ दिवसांनी बाई गेल्या. भाचीने सांगितलं की शेवटी शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं होतं. आयुष्यभर जिथे सोयीचं पडलं तिथे मी खोटं बोलत आले आहे. नेमकी त्या दुपारी मी खरं बोलले.